वायफायचा समान वाटा एमबीपीएसमध्ये मोजावा की वेळेत?

मूळ लेखक : नव्या पेठेतील आमच्या अभ्यासिकेत चाळीसजण एकाच राउटरवर असतात. वेग मंदावला की ‘प्रत्येकाला समान एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद, म्हणजे वेग) द्या’ अशी मागणी होते. ती मला चुकीची वाटते. एका चॅनलवर, म्हणजे एका रेडिओ-पट्ट्यावर, साधारणपणे एका वेळी एकच उपकरण बोलू शकते, आणि वायफायचा मूळ नियम प्रत्येकाला पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) पाठवण्याची समान संधी देतो. त्याला किती वेळ लागेल हे तो पाहत नाही. १५०० बाइटांचे पॅकेट ५४ एमबीपीएसने पाव मिलिसेकंदाच्या आत जाते, तर १ एमबीपीएसने तेच १२ मिलिसेकंद चॅनल अडवते. त्यामुळे जिन्याखालचा एक जुना फोन सगळ्यांना आपल्या चालीने चालवतो. ८०२.११बी या जुन्या वायफाय मानकातील ही विसंगती फ्रेंच संशोधकांनी २००३ मध्येच दाखवून दिली होती. वाटायचा तर एअरटाइम, म्हणजे चॅनल वापरण्याचा वेळ, समान वाटावा.

जिन्याखालचा : तो जुना फोन माझा. खिडकीकडची टेबले आधी आलेल्यांनी धरली, शुल्क मात्र सर्वांना एकच. आता तुमचाच हिशेब पुढे नेतो. चाळीसहीजण एकदम डाउनलोड करत असतील, तुम्ही एकोणचाळीस ५४ एमबीपीएसने आणि मी १ ने, तर आजच्या नियमाने प्रत्येकाला कागदावर सुमारे ५८० केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद) मिळतात. वेळ समान वाटला की तुम्हाला १३५० आणि मला २५! तुमचा वेग सव्वादोनपटीच्या थोडा वर जातो, माझा तेविसाव्या हिश्शावर येतो. एवढ्यात प्रश्नपत्रिकेची पीडीएफही उघडणार नाही.

तिसरा प्रतिसाद : दोघेही वाट्यावर भांडत आहात, पण खोळंबा बऱ्याचदा रांगेत असतो. सायंकाळी कोणाच्या तरी फोनमधील फोटो क्लाउडवर चढू लागले की राउटरच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, पॅकेटे तुंबतात आणि इतरांचे साधे पानही अडकते. एफक्यू-कोडेलसारखी रांगा सांभाळणारी पद्धत प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ती आहे; मालकाने सेटिंग उघडायची तसदी घ्यावी एवढेच.

मूळ लेखक : २५ केबीपीएसचा आकडा मी काढला नव्हता, हे मान्य. तरी चाळीसहीजण एकाच क्षणी डाउनलोड करत नाहीत, आणि एकासाठी एकोणचाळीस जणांनी थांबावे हेही पटत नाही. रांगेची सुधारणा करावीच. पण तिने १२ मिलिसेकंदांचे पॅकेट लहान होणार नाही.

जिन्याखालचा : मग ते लहान करा. राउटर मालकाच्या गल्ल्यामागे लोखंडी कपाटाला टेकून ठेवला आहे. तो जिन्याच्या तोंडाशी टांगला तर माझा फोनही वरच्या वेगाने बोलेल. त्यानंतर एअरटाइम खुशाल समान वाटा, माझी हरकत नाही. आधी नको.