मदत हवी आहे: सुरक्षा शिकणाऱ्या आयटीआयच्या मुलांना उद्योजकता कशी शिकवावी?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्पनिदेशक आहे. आरोग्य, सुरक्षा व पर्यावरण हा आमचा एक वर्षाचा ट्रेड. सोबतच्या एम्प्लॉयबिलिटी स्किल्स विषयातला उद्योजकतेचा भाग यंदा माझ्याकडे आला आहे आणि तिथे मी अडलो आहे.

आमची मुलं-मुली बहुतेक दहावी झालेली. सेफ्टी ऑफिसर व्हायला पदवी किंवा डिप्लोमा, अनुभव आणि वर औद्योगिक सुरक्षेची पदविका लागते. त्यामुळे ही मुलं मोठ्या कंपनीत कंत्राटदाराच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागतात. त्यांची खरी गरज आहे ती इचलकरंजीच्या यंत्रमाग शेडमध्ये, शिरोली-गोकुळ शिरगावच्या, पत्रा दाबून-कापून पार्ट काढणाऱ्या छोट्या प्रेस शॉपमध्ये. तिथे आठ-बारा माणसं काम करतात आणि सुरक्षा बघायला वेगळा माणूस कुणालाच परवडत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १००० कामगार असले तर सेफ्टी ऑफिसर बंधनकारक होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहितेत हा आकडा ५०० वर आला, त्याचा मला आनंद आहे. पण त्याच संहितेत विजेवर चालणाऱ्या जागेला ‘कारखाना’ म्हणण्याची मर्यादा १० वरून २० कामगारांवर गेली. म्हणजे छोट्या शेडवरची नजर आणखी कमी होणार.

माझ्या मते या मुलांचा धंदा इथेच आहे. दहा-पंधरा शेडनी मिळून एका प्रशिक्षित मुलाला महिन्याचे ठरावीक पैसे द्यावेत. त्याने बेल्ट-पुलीवरचे गार्ड, उघड्या वायरी, प्रथमोपचार पेटी बघावी, दुरुस्तीच्या वेळी मेन स्विचला कुलूप लावायची सवय लावावी. वर्गात हे मांडलं की मुलांचे डोळे चमकतात.

अडचण ‘नवीन काहीतरी बनवा’ म्हटल्यावर सुरू होते. दरवर्षी प्रदर्शनात स्मार्ट हेल्मेट येतंच. नियंत्रणाच्या उतरंडीत धोका मुळातून काढणं सगळ्यात वर आणि हेल्मेट-हातमोजे सगळ्यात खाली, हे मुलांना पाठ आहे, तरी कल्पना खालच्याच पायरीवरून निघतात. यंदा एका गटाने मात्र पॉवर प्रेससाठी सेन्सर केला. हात डायजवळ (पत्रा दाबणाऱ्या साच्याजवळ) गेला की सेन्सर प्रेसची मोटर बंद करतो. मुलांनी रात्री जागून केलेलं काम, सर्किट सुरेख. पण आपल्याकडच्या जुन्या प्रेसना पिन क्लच असतो. एकदा पेडल दाबलं की स्ट्रोक पूर्ण होतोच, मोटर बंद केली तरी फ्लायव्हील, म्हणजे फिरतं जड चाक, तो पूर्ण करतं. मध्येच थांबवता येणाऱ्या प्रेसवर लाइट कर्टन (हात आडवा आला की यंत्र थांबवणारा प्रकाशाचा पडदा) उपयोगी, या प्रेसवर नाही. उलट ‘आता सेन्सर आहे’ म्हणून कामगार बिनधास्त हात घालेल. मी चाचणी थांबवली. मुलं फार हिरमुसली.

उद्योजकतेच्या प्रत्येक व्याख्यानात सांगतात, लवकर चुका, त्यातून शिका. इथे चूक कामगाराच्या बोटावर होते. मग मुलांची उमेद न मोडता, जिथे चुकायची मुभाच नाही तिथे नवं करायला कसं शिकवायचं? आणि छोट्या मालकांच्या शेडमध्ये मुलांना निरीक्षणासाठी कसं न्यायचं? मालकांना वाटतं, ही मुलं तक्रार करतील. अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद (प्रेस शॉप चालवतो, भोसरी)

सर, चाचणी थांबवलीत ते योग्यच केलंत. मुलांना आता उलटा प्रश्न द्या: हात डायमध्ये जायची गरजच कशी संपवायची? पार्ट उचलायला चुंबकाचा चिमटा, बाहेर ओढून भरता येणारी सरकती डाय, पार्ट आपोआप घसरत जाईल अशी पन्हळ. हे सगळं तुमच्या फिटर-वेल्डरच्या वर्कशॉपमध्ये होतं आणि मालक पैसे देऊन घेतो.

एक गोष्ट मात्र पक्की शिकवा. आमच्याकडे हिशेब ताशी नगांवर चालतो. गार्डमुळे नग कमी झाले तर कामगारच गार्ड काढून ठेवतो, कारण त्याची मजुरी पीसरेटवर, म्हणजे जितके नग तितके पैसे अशी असते. म्हणून मुलांनी घड्याळ लावून आधीचे आणि नंतरचे नग मोजावेत. नग तेवढेच राहिले तर तुमची वस्तू विकली गेली म्हणून समजा. या मोजणीत मुलं गिऱ्हाईक ओळखायला शिकतील, वेगळा धडा लागणार नाही.

प्रतिसाद (औद्योगिक सुरक्षेत नोकरी केली, आता निवृत्त)

दादा, पहिली चाचणी कागदावर घ्या. प्रत्येक गटाला एकच प्रश्न: तुमची वस्तू बिघडली तर काय होईल? वीज गेली, वायर तुटली, बॅटरी संपली, सेन्सरच्या काचेवर तेल उडालं. प्रत्येक वेळी यंत्र थांबतंय किंवा स्थिती निदान आधीइतकीच राहतेय, तरच पुढे जायचं. चिमटा तुटला तर काम अडेल. सेन्सर बिघडला तर माणूस फसेल. हा फरक ज्या गटाने स्वतः शोधला त्याला जास्त गुण द्या, मग वस्तू पूर्ण होवो न होवो. नंतर वीज काढलेल्या यंत्रावर, हाताऐवजी लाकडी दांडा घालून बघा. इथे मुलांना हवं तितकं चुकू द्या.

मालकांचं म्हणाल तर औद्योगिक संघटनेमार्फत जा आणि सुरुवातीलाच सांगा, फोटो काढणार नाही, निरीक्षणाचा कागद मालकाच्याच हातात देणार. ४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन हे चांगलं निमित्त आहे, त्या आठवड्यात दारं लवकर उघडतात.

प्रतिसाद

कुणी अग्निशामक सिलिंडर बसवायचा आणि देखभालीचा धंदा म्हणत असेल तर आधीच सावध करा. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली इमारतींसाठी हे काम परवानाधारक संस्थेनेच करायचं असतं आणि यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र (प्रपत्र ब) जानेवारी-जुलैत तीच देते. आधी अशा संस्थेकडे काम शिकणं उत्तम. भांडवलासाठी मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम बघा. त्यात सेवा उद्योगही बसतो.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सेन्सरच्या गटाला आज चिमटा आणि सरकत्या डायचं काम दिलं. ‘बिघडलं तर?’चा तक्ता त्यांनीच फळ्यावर आखला, आणि बॅटरी संपण्याची ओळ सेन्सर बनवणाऱ्या मुलीनेच भरली.

आता एक नेमकी मदत हवी आहे. कोल्हापूर, सांगली किंवा पुण्याकडे कुणाकडे भंगारात निघालेली पिन क्लचची छोटी प्रेस आहे का? मोटर नसली तरी चालेल, फ्लायव्हील हाताने फिरवून क्लच कसा गुंततो एवढंच दाखवायचं आहे. वाहतुकीचा खर्च आम्ही करू. कृपया इथेच कळवा.