डावीकडचं खालचं पॅनेल

ताई: पोचले बेल्जियममधल्या गेंटला. सकाळीच सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये जाऊन आले. फोटो टाकलाय. काचेमागे आहे ती व्हॅन आइक बंधूंची 1432 ची वेदी, म्हणजे लाकडी पॅनेलांवर रंगवलेलं चर्चमधलं मोठं चित्र. नीट बघा आणि सांगा, यातलं मूळ नसलेलं पॅनेल कुठलं?

वहिनी: झूम करून पाहिलं गं. सगळीच खरी वाटतायत.

पिंट्या: मधलं? कोकरू आहे ते?

ताई: नाही रे, ते अस्सल. खालच्या ओळीत अगदी डावीकडचं, घोड्यांवर बसलेले न्यायाधीश. मूळ पॅनेल 10 एप्रिल 1934 च्या रात्री चोरीला गेलं, ते अजून सापडलेलं नाही. हे येफ व्हान डर वेकन नावाच्या चित्रकाराने नंतर केलेलं. पठ्ठ्याने एका न्यायाधीशाला बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्डचा चेहरा देऊन टाकलाय.

आत्या: न्यायाधीशच पळवले! आता निकाल कोण देणार?

पिंट्या: एवढं मोठं लाकूड चर्चमधून नेलं कसं? कुणाला दिसलं नाही?

ताई: जेमतेम दीड मीटर उंच, अर्धा मीटर रुंद. शिवाय बर्लिनमध्ये असताना ही पॅनेलं जाडीतून चिरली होती, दोन्ही बाजू एका वेळी मांडता याव्यात म्हणून. त्यामुळे चोराच्या हाती दोन पातळ फळ्या आल्या, एक न्यायाधीशांची आणि एक मागच्या बाजूच्या संत जॉनची. रिकाम्या चौकटीत फ्रेंचमध्ये चिठ्ठी सोडली होती, ‘व्हर्सायच्या तहाने जर्मनीकडून घेतलेलं’.

नानाकाका: ती चिठ्ठी धूळफेक. जर्मन देशभक्त असता तर पैसे कशाला मागितले असते? मी वाचलंय या प्रकरणाबद्दल. थांबा, सविस्तर लिहितो, मला टाइप करायला वेळ लागतो.

आत्या: चहा ठेवा सगळ्यांनी.

नानाकाका: बिशपला पत्र आलं, दहा लाख बेल्जियन फ्रँक द्या. सही नुसती डी.यू.ए. अशी. उत्तरं वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींतून द्यायची. बिशपच्या नावाने ती लिहीत होता सरकारी वकील. माल आपल्याकडेच आहे हे पटवायला चोराने ब्रसेल्स-नॉर्थ स्टेशनच्या सामानघराची पावती पाठवली. तिथे संत जॉनची फळी मिळाली, अगदी धडधाकट. आता मोबदला द्यायची वेळ आली तर यांनी पाकिटात घातले किती? 25,000! माझं आयुष्य बँकेच्या दक्षता खात्यात गेलं. अशा वेळी एक तर सगळे द्या आणि पैसे उचलणाऱ्याच्या मागावर राहा, नाहीतर एक छदाम देऊ नका. हे अर्धवट काम म्हणजे समोरच्याला चिडवणं.

ताई: काका, पण खंडणी पूर्ण दिली असती तर पुढच्या चोराला रस्ताच दाखवला असता ना?

नानाकाका: मग तो जाहिरातींचा खेळ मांडायचाच नव्हता.

पिंट्या: पैसे उचलायला आला तेव्हा का नाही धरला?

ताई: तो स्वतः आलाच नाही. अँटवर्पच्या एका धर्मगुरूकडे पाकीट ठेवायचं होतं. खूण म्हणून वर्तमानपत्राचं फाडलेलं पान, अर्धा तुकडा इकडे, अर्धा तिकडे. जुळला की पाकीट द्यायचं. तुकडा घेऊन आला टॅक्सीवाला.

वहिनी: बाई गं, डोकं आहे हां.

ताई: खरी गोष्ट पुढेच आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आर्सेन गूडर्टियर नावाचा शेअर दलाल पक्षाच्या सभेत कोसळला. वेटरेन गावचा, चर्चमध्ये ऊठबस असलेला माणूस. मरताना धर्मगुरूला बाजूला सारून वकिलाला बोलावलं आणि सांगितलं, पॅनेल कुठे आहे ते फक्त मला माहीत आहे, माझ्या टेबलाच्या खणात बघ. खणात खंडणीच्या पत्रांच्या कार्बन प्रती निघाल्या! आणि एक न पाठवलेलं पत्र, की पॅनेल अशा जागी आहे जिथून मी काय, कोणीच लोकांच्या नजरेत न येता ते काढू शकणार नाही.

आत्या: आणि वकिलाने पोलिसांना कळवलं?

ताई: लगेच नाही. आधी न्यायखात्यातल्या वरिष्ठांच्या कानावर घातलं. त्यांनी आपसातच चौकशी केली, पोलिसांना कळायला आणखी काही आठवडे गेले.

आत्या: झालं मग. माझ्या मते केस तिथेच बुडाली. खण, घर, ओळखीपाळखी, सगळं गरम असताना बघायला हवं होतं. खंडणीवरून काय भांडताय?

नानाकाका: हा मुद्दा मान्य. तरी तो एकटाच होता हे पटत नाही. माणूस खाऊनपिऊन सुखी होता, त्याला दहा लाखांची गरज काय? मागे दुसरा कोणीतरी असणारच.

पिंट्या: मध्यंतरी एका चौकाखाली आहे म्हणत होते ना?

ताई: कालांडेबर्ग, 2018 ला. गूडर्टियरच्या पत्रांवरून लावलेला तर्क. चर्चचे कोपरे तर कितीदा तपासून झाले. युद्धात हिटलरच्या माणसांनीही शोधलं. हाती काही नाही. गेंट पोलिसांची फाइल अजून उघडीच आहे.

वहिनी: जाळलं असेल हो कुणीतरी घाबरून.

ताई: मला नाही वाटत. संत जॉन इतका जपून परत केला, तो माणूस दुसरं जाळेल?

नानाकाका: म्हणजे साथीदार होताच. त्याच्या घरच्यांना माहीत असणार, लिहून ठेवा.

आत्या: नाना, घरच्यांना माहीत असून नव्वद वर्षं कुणी बोललं नाही? आपल्या ग्रुपवर लग्न ठरल्याची बातमी संध्याकाळपर्यंत टिकत नाही.