मदत हवी आहे: छंद म्हणून सुरू केलेल्या पॉटरीवर पोट भरता येतं का?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी नोकरी करते आणि संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी चाकावर बसते. सुरुवात टाइमपास म्हणून झाली, मग हात बसला, मग मैत्रिणी मागायला लागल्या, मग त्यांच्या ओळखीतले, आणि आता एका कॅफेवाल्याने विचारलंय की एकसारखे १०० कप करून द्याल का, जमलं तर पुढेही लागतील. तेव्हापासून घरात आणि घराबाहेर सगळ्यांचं एकच, नोकरी सोड आणि पॅशन फॉलो कर. (हे सांगणाऱ्या सगळ्यांचा पगार एक तारखेला जमा होतो बरं का!)

माझं घोडं अडलंय किंमतीवर. माती, ग्लेझ (कपावरचा काचेसारखा चकचकीत लेप), भट्टीचं भाडं हा हिशोब सरळ आहे. पण वेळ कसा मोजायचा? एक कप म्हणजे माती मळा, चाकावर काढा, अर्धवट वाळला की बूड तासा, कान जोडा, हळूहळू वाळू द्या, मग पहिली भाजणी साधारण १००० डिग्रीला, मग ग्लेझ, मग दुसरी भाजणी १२०० च्या वर, आणि भट्टी निवेपर्यंत उघडायची नाही, घाई केली की गेलंच. हात लागतो तो पाच-दहा मिनिटं इथे, पाच-दहा मिनिटं तिथे, त्याचा दर काय लावू? शिवाय काहींना तडा जातो, काहींचं ग्लेझ ओघळून खाली शेल्फलाच चिकटतं, त्या वाया गेलेल्यांचे पैसे कोणाच्या माथी?

दुसरं म्हणजे एक दुकानदार म्हणाला कन्साइनमेंटवर ठेवतो, विकलं गेलं की निम्मे माझे. निम्मे! हे असंच असतं का सगळीकडे?

आणि तिसरी भीती थोडी वेडगळ आहे. दिवसभर ऑफिसात डोकं शिणलं की मी मातीत हात घालते आणि जरा बरं वाटतं. १०० एकसारखे कप काढल्यावर त्या चाकाकडे बघावंसं तरी वाटेल का? ज्यांनी छंदाचा धंदा केलाय त्यांनी प्लीज खरं खरं सांगा, 'ऑल द बेस्ट' नको.

प्रतिसाद १

ताई, मी हेच करून घर चालवतो त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

वेळ एका कपाचा मोजूच नका, घाण्याचा मोजा. वीस कप एकदम काढा, एकदम तासा, एकदम कान लावा, प्रत्येक टप्प्याला घड्याळ लावून वेळ लिहा आणि शेवटी चांगल्या निघालेल्या कपांनी भागा. वीसला नाही, चांगल्या निघालेल्यांना! तिथेच तुमच्या फुटक्यांचा खर्च वसूल होतो. त्यात पॅकिंग, फोटो, मेसेजना उत्तरं, भट्टीपर्यंतची ने-आण हे सगळं धरा, हा वेळ लोक विसरतात आणि मग वर्षभर राबून हातात काही उरत नाही. तासाचा दर ठरवून त्यात सामान आणि थोडा नफा मिळवला की जो आकडा येतो तो घाऊक भाव. दुकानातली किंमत त्याच्या दुप्पट.

आता निम्म्याचं कोडं सुटलं का? दुकानाचा ४० ते ५० टक्के वाटा हा सर्रास चालतो, त्यात तो भाडं, वीज, माणसं सांभाळतो. निम्मे देऊन तुम्हाला परवडत नसेल तर तुमची किंमतच कमी आहे. मात्र कन्साइनमेंटमध्ये माल विकेपर्यंत पैसे तुमचे अडकतात, म्हणून दुकानात फुटला तर कोण भरणार आणि पैसे महिन्याच्या कुठल्या तारखेला देणार हे लिहूनच घ्या. आणि स्वतः विकताना दुकानापेक्षा स्वस्त विकू नका, दुकानदार एकदाच माफ करतो.

ऑनलाइनवाले तरी कुठे फुकट आहेत, हाताने केलेल्या वस्तू विकायच्या एट्सी या साइटने २०२२ मध्ये विक्रीवरचं शुल्क ५ वरून ६.५ टक्के केलं, पेमेंटचं वेगळंच, आणि ते ६.५ टक्के तुम्ही ग्राहकाला लावलेल्या डिलिव्हरीच्या रकमेवरही लागतात.

कॅफेच्या ऑर्डरबद्दल: प्रत्येक गोळा वजन करून घ्या, एकसारखेपणा अर्धा तिथेच येतो. भाजलेला कप ९ सेंमी हवा आणि तुमची माती १२ टक्के आकसत असेल तर ०.८८ ने भागा, म्हणजे ओला साधारण १०.२ काढायचा. शंभर हवेत तर निदान सव्वाशे काढा. निम्मे पैसे आगाऊ. आणि रोज लोक त्यातून पिणार आहेत तेव्हा आतलं ग्लेझ बिनशिशाचं आणि बारीक भेगा न पडणारं हवं, यात तडजोड नको.

प्रतिसाद २

तुमची भीती वेडगळ अजिबात नाही. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला होता. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर बक्षीस, काहींना काढून झाल्यावर अचानक दिलं, काहींना काहीच नाही. नंतर मोकळ्या वेळात आधी बक्षीस कबूल केलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. पण गंमत म्हणजे ज्यांना अचानक मिळालं त्यांची आवड तशीच राहिली. म्हणजे पैसा नाही, 'पैशासाठी करतोय' हे आधी डोक्यात बसणं नडतं. मी शिवणकाम करते, ऑर्डरचं काम वेगळं आणि माझं वेगळं. माझं विकायचंच नाही असं ठरवलंय. कोणी कितीही मागे लागलं तरी!

प्रतिसाद ३

नोकरी सोडायची घाई कशाला? फिलिप ग्लास एवढा मोठा संगीतकार, चाळिशीपर्यंत टॅक्सी चालवायचा आणि प्लंबिंगची कामं करायचा. काफ्का विमा संस्थेत नोकरी करून लिहायचा. पगार चालू असला की नको ती ऑर्डर नाकारता येते, हा फायदा लोकांना कळत नाही. शिवाय क्लासचा विचार करा, शिकवण्याचे पैसे आधी हातात येतात आणि भट्टीत काही फुटलं तरी ते बुडत नाहीत.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, प्रतिसाद १ वाचून रात्री वही घेऊन बसले आणि कपाचा आकडा मी आत्तापर्यंत सांगत होते त्याच्या बराच वर गेला. कॅफेला आधी नमुने देते आणि त्याच भावाने सांगते, नाही म्हणाले तर नाही. नोकरी तूर्तास आहे तिथेच.

एक राहिलंच, माझं निळं ग्लेझ भट्टीत वरच्या शेल्फवर वेगळं आणि खालच्यावर वेगळं निघतं. एकसारखं हवं म्हणणाऱ्याला हे कसं सांगता?

प्रतिसाद १

सांगायचं नाही, दाखवायचं. नमुना एक देऊ नका, सगळ्यात गडद निघालेला आणि सगळ्यात फिका असे दोन द्या, आणि ऑर्डरच्या कागदावर लिहा की रंग या दोन्हींच्या मधला असेल.