शब्दचर्चा : मॅकवर लिनक्स 'टाकणे' की 'उतरवणे'?

प्रश्न (इंदूर) : जेल रोडवर लॅपटॉप घेऊन गेलं की हिंदीत 'विंडोज डलवा लो' म्हणतात, घरी आपण 'टाकून घे' म्हणतो. जुन्या इंटेल मॅकवर लिनक्स ही विंडोजसारखी संगणकप्रणालीही पेनड्राइव्हवरून अशीच टाकता येते. ॲपलच्या स्वतःच्या एम१ चिपच्या मॅकवर मात्र तोच पेनड्राइव्ह चालत नाही. त्या मॅकसाठी लिनक्स तयार करण्याला, म्हणजे 'पोर्ट करणे' याला, मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद : टाकायला आधी तयार वस्तू हवी. प्रोसेसर बदलला की त्याला कळणाऱ्या आज्ञाच बदलतात. इंटेलसाठी बांधलेला प्रोग्राम एम१ सारखा एआरएम जातीचा प्रोसेसर थेट चालवू शकत नाही. २००६ मध्ये ॲपल पॉवरपीसी प्रोसेसर सोडून इंटेलकडे वळली तेव्हा मॅक इतर पीसींच्या जवळ आला आणि ॲपलच्या 'बूट कॅम्प' या सोयीमुळे विंडोजही त्यावर चालू लागली. पॉवरपीसी मॅकवर लिनक्स वापरणारे मात्र एकाकी पडत गेले. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या २०१७ च्या ९ व्या आवृत्तीतून ३२-बिट पॉवरपीसी वगळलंच. २०२० मध्ये एम१ आला आणि नव्या मॅकवरून बूट कॅम्प गेलं. मी 'स्थलांतर' म्हणेन.

प्रतिसाद : काका, स्थलांतरात जुनी जागा सुटते. लिनक्सची इंटेलवरची जागा तर कायम आहे. मला 'उतरवणे' योग्य वाटतं. परभाषेतली कविता मराठीत उतरवतात, तेव्हा मूळ कविता जागेवरच राहते आणि इथे नवी घडवावी लागते. लिनक्स एआरएमवर आधीपासून चालत होतीच. खरी अडचण ॲपलच्या चिपची होती. तिच्या ग्राफिक्सची माहिती कंपनीने खुली केलेली नव्हती. ॲपलच्या चिपवर लिनक्स आणणाऱ्या 'असाही लिनक्स' प्रकल्पाच्या मंडळींनी चिप कशी वागते ते तपासून तपासून ड्रायव्हर, म्हणजे चिपचे भाग चालवणारे प्रोग्राम, लिहिले. २०२१ च्या ५.१३ कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, एम१ साठी प्राथमिक सोय आली, २०२२ च्या मार्चमध्ये असाहीची पहिली चाचणी आवृत्ती लोकांच्या हाती पडली. इतक्या चिकाटीच्या कामाला नेमका शब्द मिळायलाच हवा.

प्रतिसाद : ताई, 'उतरवणे' पटलं. फक्त डाउनलोडलाही काही जण तेच क्रियापद वापरतात, म्हणून विभक्ती सांभाळावी : 'साइटवरून उतरवली' म्हणजे डाउनलोड, 'एम१ वर उतरवली' म्हणजे पोर्ट. आणि मॅकओएसच्या आत आभासी यंत्रात, म्हणजे सॉफ्टवेअरने उभारलेल्या संगणकात, लिनक्स सुरू केली, तर ते 'उतरवणे' नव्हे. तिथे 'आत चालवणे' म्हणावं; एम१ वर त्यासाठीसुद्धा एआरएमची लिनक्सच घ्यावी.