रेडिएटर बदलायच्या आधी प्रेशर टेस्ट करा
गाडीखाली थेंब दिसत नाही पण कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी होतंय म्हणून लगेच रेडिएटर बदलायला काढू नका. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना रेडिएटरची कॅप अजिबात उघडायची नाही, मग प्रेशर टेस्टर (दाब दाखवणारा काटा असलेला हातपंप) लावून कॅपवर लिहिलंय तेवढंच प्रेशर द्या आणि काटा उतरतोय का बघत थांबा, घाई नको; उतरला तर कुठेतरी लीक आहे. जुन्या गाडीत वॉटर पंपाखालचं बारीक भोक नक्की बघा, तिथे वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा रंगीत ओघळ असेल तर पंपाचं सील गेलंय. बाहेर सगळं कोरडं आणि आत पायाखालचं मॅट ओलं, काचेवर चिकट वाफ, तर हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) लीक आहे. आणि ते लीक बंद करायचं लिक्विड कृपा करून ओतू नका, हीटर कोअरच्या बारीक नळ्या त्याने चोकअप होऊ शकतात.