आयटीआयचा उपयोग

इलेक्ट्रिशियनचं काम शिकायचं तर "आयटीआयमध्ये दोन वर्षं घालवण्यापेक्षा कुणाच्या हाताखाली राहा" असं काही जण सांगतात, ते मला अर्धंच पटलं. मीही तसाच शिकलो. पहिले सहा महिने नुसत्या भिंतीला झिऱ्या (पाईप बसवायच्या खाचा) मारल्या आणि पाईपातून वायर ओढली. बोर्डाला हात लावायची परवानगीच नव्हती. हात मात्र त्यानेच बसला.

पण अडलं कुठे, तर नव्या मीटरच्या अर्जाला टेस्ट रिपोर्ट (वायरिंग तपासल्याचा दाखला) लागतो आणि त्यावर परवानाधारक ठेकेदाराचीच सही चालते. काम सगळं माझं, सहीचे पैसे दुसऱ्याला! म्हणून परवान्याच्या वाटेला लागायला शेवटी तिशीत आयटीआय केलं. दहावी झाली नसेल तर आयटीआयचा वायरमन ट्रेड (अभ्यासक्रम) बघा, तिथे आठवी पासवर प्रवेश मिळतो. इलेक्ट्रिशियनला दहावी लागते, तीही गणित-विज्ञान घेऊन.