पहिली टीप : घरी शिवण शिकतानाचे अनुभव

जुळे सोलापूर

गेल्या आठवड्यात मुलीच्या गणवेशाचा घेर उसवला आणि शिंप्याचे दुकान बंद असल्यामुळे मी बऱ्याच वर्षांनी सासूबाईंच्या पायमशीनवरची जुनी चादर बाजूला काढली. मशीनच्या कप्प्यात बॉबिनी, गंजलेल्या सुया आणि खडूचा झिजलेला तुकडा होता, आणि या सगळ्यांच्या खाली नीट घडी घातलेला एक उशीचा अभ्रा होता. १८ वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी शिवलेली ती पहिली वस्तू. सासूबाईंनी तो अभ्रा कधी उशीला घातला नाही आणि टाकूनही दिला नाही, हे मला त्या दिवशी कळले. आज त्या नाहीत, त्यामुळे विचारायचे म्हटले तरी कोणाला विचारणार?

त्यांनी मला पहिले आठ दिवस सुईत दोरा ओवूच दिला नव्हता. जुन्या वहीचा रेघांचा कागद मशीनखाली धरायचा, पायाने पावडा हलवायचा आणि सुईची भोके बरोबर रेघेवर पडतात का ते पाहायचे, एवढाच अभ्यास होता. पावडा जरा थांबून पुन्हा सुरू केला की चाक उलट फिरे. कागदावर त्याने काही बिघडत नसे, पण दोरा असता तर तो त्याच क्षणी तुटला असता, हे त्या मला शेजारी बसून दाखवत. नवव्या दिवशी अभ्र्याचे कापड हातात आले. उशीचे माप मी अगदी काटेकोर घेतले आणि तेवढेच कापड कापले. शिलाईत जाणारे जादा कापड, म्हणजे दाब, धरायचा असतो हे मला ठाऊक नव्हते. शिवून झाल्यावर उशी आत जाईना. त्या रागावल्या नाहीत. "आता दाब कधी विसरणार नाहीस," एवढेच म्हणाल्या आणि भाजी निवडायला गेल्या.

ज्या मैत्रिणींनी आणि मित्रांनी घरच्या घरी, केवळ आवड म्हणून शिवण शिकायला घेतले, त्यांनी आपली पहिली वस्तू, शिकवणारी व्यक्ती आणि जिथे हात अडला ती जागा, याविषयी लिहावे अशी विनंती आहे.

बाळीवेस

माझी पहिली वस्तू म्हणजे भाचीच्या बारशासाठी शिवलेले झबले. जुन्या मलमलीच्या धोतराचे कापड होते, पुष्कळ धुऊन मऊ झालेले, आणि तान्ह्या बाळासाठी त्याहून चांगले कापड नवीन घेऊनही मिळाले नसते. आईने सांगितले होते की झबल्याच्या शिलाया बाहेरच्या बाजूला ठेव, म्हणजे बाळाच्या अंगाला त्या टोचत नाहीत, आणि बटणांऐवजी बंद लाव. पाहुण्यांपैकी एका काकूंनी झबले उलटे घातले आहे असे समजून ते बदलायला सांगितले, तेव्हा आईने सर्वांसमोर कारण समजावून सांगितले आणि मला फार बरे वाटले. कुकर लावला आहे, उरलेले संध्याकाळी लिहिते.

अशोक चौक, पूर्व भाग

आमच्या घरी सासऱ्यांना मामय्या म्हणतात. त्यांचे सारे आयुष्य चादरीच्या मागावर गेले, आणि मला शिवण खऱ्या अर्थाने त्यांनी शिकवले, जरी त्यांनी स्वतः कधी मशीनवर पाय ठेवला नव्हता.

झाले असे की मी थोरल्या मुलीसाठी पॉपलीनचा परकर शिवला. टिपा सरळ होत्या, नेफा नीट होता, आणि तरीही घातल्यावर परकराची एक बाजू खाली लोंबत होती. दोनदा उसवून पुन्हा शिवला, तरी तेच. मामय्या ओसरीवर बसून पाहत होते. त्यांनी परकर हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "शिलाई चुकलेली नाही, कापड तिरके कापले गेले आहे." मग उरलेला तुकडा घेऊन त्यांनी मला ताणा आणि बाणा ओळखायला शिकवले. काठाला समांतर जातो तो ताणा. मागावर तो कायम ताणून धरलेला असतो, म्हणून त्याला पीळ जास्त देतात आणि त्या दिशेने कापड फारसे ताणले जात नाही. आडवा जातो तो बाणा, आणि त्या दिशेने ओढले तर कापड किंचित सैल सुटते. अंगावर जे उभे लोंबायचे आहे ते ताण्याच्या दिशेनेच बेतले पाहिजे, नाहीतर दोन धुण्यांत कपड्याचा आकार बदलतो.

सरळ कापण्याची त्यांची रीत मी आजही वापरते. काठाजवळ कात्रीने लहानशी चीर द्यायची, बाण्याचा एकच धागा चिमटीत धरून हलकेच ओढायचा, म्हणजे कापडावर त्या धाग्याची बारीक रेघ उमटते, आणि कात्री त्या रेघेवरून चालवायची. पट्टीने आखलेली रेघ चुकू शकते, धाग्याची रेघ चुकत नाही. दुकानातून फाडून किंवा कापून आलेले कापड पुष्कळदा टोकाला तिरके असते, त्यामुळे हे काम घडी घालण्याच्या आधी करावे लागते.

उरेबही त्यांनीच समजावली. चौकोनी तुकड्याची अशी घडी घालायची की ताणा बाण्यावर येऊन बसेल. जी तिरकी घडी पडते ती उरेब. त्या रेषेत कापड सर्वांत जास्त ताणले जाते, म्हणूनच गोल गळ्याला उरेब पट्टी चपखल बसते आणि सरळ पट्टी लावली तर गळ्याभोवती चुण्या पडतात. शिवणाच्या वर्गाला जाणाऱ्या माझ्या जावेला उरेब पट्टी लावता येत होती, परंतु ती का लावायची हे तिलाही त्या दिवशीच कळले.

मला वाटते, नवशिक्यांनी मशीनची भीती बाळगण्यापेक्षा कापड वाचायला शिकावे. आपल्या गावात तर घराघरांत असे शिकवणारे बसलेले आहेत, आणि त्यांना कोणी विचारत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

जुळे सोलापूर

अक्का, धागा ओढण्याची रीत मी प्रथमच ऐकली. आज दुपारी पॉपलीनच्या तुकड्यावर करून पाहिली आणि कापडाचे टोक जवळजवळ एक इंच तिरके निघाले. मामय्यांना माझा नमस्कार सांगावा.

विजापूर रोड

मी गेल्या महिन्यातच मशीन घेतले आहे, त्यामुळे अनुभव कमी आणि अडचण जास्त आहे. वरून टीप छान दिसते, पण कापड उलटे केले की खाली दोऱ्याचा गुंता झालेला असतो. बॉबिन तीन वेळा बदलली, बॉबिन केसचा स्क्रूही फिरवून पाहिला. कोणी सांगू शकेल का?

बाळीवेस

ताई, बॉबिनला हात लावू नका. गुंता खाली दिसत असला तरी दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. वरचा दोरा ज्या दोन चकत्यांच्या मधून जातो त्यांत तो नीट बसला नसेल, तर त्याला ताण मिळत नाही, आणि तो खाली ओढला जाऊन तिथे साचतो. दोरा ओवताना दाबपट्टी, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचललेला असू द्या, कारण तेव्हा चकत्या सैल होतात आणि दोरा आत बसतो. मग पाय खाली करून दोरा ओढून पाहा. तो जरा जड लागला पाहिजे. एवढ्याने सुटले नाही तर सुई तपासा. सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट असते, ती चुकीच्या दिशेला बसली तर टाके सुटतात.

विजापूर रोड

सुटले! दाबपट्टी खाली ठेवूनच मी इतके दिवस दोरा ओवत होते. आज पाणी येण्याची पाळी आहे, भरून झाले की उशीचे अभ्रे शिवायला बसते, आणि दाब धरूनच कापते.

होटगी रोड

मी निवृत्त गृहस्थ आहे आणि या चर्चेत पुरुषाने लिहिलेले चालेल असे गृहीत धरतो. पत्नीच्या मनगटाचे दुखणे वाढल्यावर तिचे मशीन बंद पडून राहू नये, या इच्छेने मी वयाच्या ६१ व्या वर्षी शिवण शिकायला घेतले. ती खुर्चीवर बसून सांगत असे आणि मी शिवत असे.

आमच्या घरातील मुलगा सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजाच्या सेवेला जातो. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सातही नंदीध्वज निघतात तेव्हा शुभ्र बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा, घातलेले सेवेकरी रस्ताभर दिसतात, हे आपणा सर्वांना ठाऊकच आहे. एका वर्षी शिंप्याकडे दिलेली बाराबंदी वेळेवर मिळाली नाही आणि मुलाला दुसऱ्याची, खांद्यात घट्ट होणारी बाराबंदी घालून जावे लागले. पुढच्या वर्षी ती मी घरी शिवायची असे ठरवले, आणि दिवाळी झाल्यावर लगेच कामाला लागलो.

मांजरपाटाचा एक नमुना आधी शिवला, कारण चांगल्या कापडावर पहिली कात्री चालवू नये असा पत्नीचा आग्रह होता. खरे कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच बेतले. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि ते आटणे शिवण्यापूर्वी होऊन गेलेले बरे. पुढचे दोन्ही पल्ले एकमेकांवर येतात, त्यामुळे छातीच्या मापात ही दुहेरी रुंदी धरावी लागते. जुनी बाराबंदी जमिनीवर पसरून तिच्यावरून कागदी नमुना काढला, तेव्हा हे लक्षात आले.

खरी परीक्षा बंदांनी घेतली. बंद म्हणजे अरुंद नळी. ती उलट्या बाजूने शिवून नंतर सुलट करायची असते. पहिला बंद सुलट करायला मला अर्धा तास लागला. मग पत्नीने सुचवले की नळीच्या एका टोकाला मजबूत दोरा टाचून घे, तो दोरा जाड सुईत ओव, सुई नाकाच्या बाजूने नळीतून आत घाल आणि दुसऱ्या टोकाने बाहेर ओढ. पुढचे सर्व बंद एका संध्याकाळी झाले. अक्षता सोहळ्याच्या दिवशी मुलगा ती बाराबंदी घालून दारात उभा राहिला, तेव्हा पत्नीने आधी प्रत्येक बंद ओढून पाहिला आणि मग त्याला जाऊ दिले.

अक्कलकोट रोड

आमच्याकडे चादरींचे कापून उरलेले तुकडे पुष्कळ असतात, त्यांच्या पिशव्या शिवायच्या असे मी मनावर घेतले. साध्या कापडासाठी असलेली १४ नंबरची सुई वापरत राहिले आणि एका दुपारी तीन सुया मोडल्या. जाड कापडाला १८ नंबरची सुई लागते, आणि जिथे चार पदर एकावर एक येतात तिथे पावडा थांबवून चाक हाताने, आपल्याकडे फिरवत एकेक टाका घालावा लागतो. पातळ मलमलीला याच्या उलट ९ किंवा ११ नंबरची सुई हवी, नाहीतर कापडाला भोके दिसतात. आता पिशव्या इतक्या मजबूत होतात की बाजारातून पाच किलो ज्वारी आणली तरी टीप हलत नाही.

सात रस्ता

नव्या लोकांसाठी तेलाविषयी एक सांगते, कारण आमच्या मशीनचे त्यापायी फार हाल झाले. मशीनचे तेल संपले म्हणून मी खोबरेल तेल घातले. उन्हाळाभर काहीच जाणवले नाही. डिसेंबरातल्या थंडीत एका पहाटे चाक जागचे हलेना, कारण खोबरेल आत थिजले होते. सगळे भाग रॉकेलने पुसून काढावे लागले. स्वयंपाकघरातले कोणतेही तेल कालांतराने चिकट होते, तेव्हा मशीनचेच तेल वापरावे, आणि तेल घातल्यावर आधी चिंधीवर टिपा माराव्यात म्हणजे डाग चांगल्या कापडावर पडत नाहीत.

बाळीवेस

संध्याकाळी लिहिते म्हणाले होते ते आता लिहिते आहे. झबल्यानंतर मी ब्लाउज शिवायला घेतले आणि तिथे दोन वर्षे अडले. छाती ३६ म्हणजे चौथा भाग ९ इंच, त्यात सैलपणा आणि दाब मिळवायचा, हे गणित पाठ होते. तरी मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात त्या कापाची, गोलाई दर वेळी चुके आणि हात वर केला की काखेत कापड ओढले जाई. आई त्या वेळी आजारी होती. तिने अंथरुणावर बसून 'संचार'च्या जुन्या अंकावर माझ्या मापाचा पुढचा भाग, पाठ आणि बाही काढून दिली, कडेला पेन्सिलीने आकडे लिहिले आणि मुंढ्यापाशी "इथे घाई नको" असे लिहिले. त्या कागदावरून बेतलेले पहिले ब्लाउज बरोबर बसले, पण ते पाहायला आई राहिली नव्हती.

कागद आता घड्यांवर फाटू लागला आहे. माझे मापही बदलले आहे, त्यामुळे त्यावरून थेट बेतता येत नाही, तरी मुंढ्याची गोलाई मी अजून त्याच्यावरूनच उतरवून घेते.

जुळे सोलापूर

ताई, वाचून डोळे भरून आले. तो कागद फाटण्याआधी जाड पुठ्ठ्यावर उतरवून ठेवा, आणि आईंचे ते अक्षर असलेला तुकडा निराळा जपा.

अशोक चौक, पूर्व भाग

पुठ्ठ्यापेक्षा मांजरपाटावर उतरवावे असे मला वाटते. कापडाचा नमुना घडी घालून ठेवता येतो, फाटत नाही, आणि त्यावर ताण्याची दिशा बाणाने दाखवता येते. ताईंना वेळ नसेल तर मी येऊन उतरवून देईन, बाळीवेस मला लांब नाही.

बाळीवेस

जरूर या, अक्का. रविवारी दुपारी मी घरीच आहे. होटगी रोडच्या काकांना एक विनंती आहे. माझा धाकटा भाऊ यंदा प्रथमच यात्रेत सेवेला जाणार आहे. बाराबंदीचा कागदी नमुना उतरवून घेण्यासाठी मिळू शकेल का?

होटगी रोड

अवश्य मिळेल. नमुना मध्यम बांध्याच्या माणसाचा आहे, तेव्हा भावाची छाती, खांदा आणि बाहीची लांबी मोजून ठेवावी. कापड घेऊन आधी भिजवून वाळवावे. बंदांच्या पट्ट्या कशा कापल्या ते पत्नी समोर बसून दाखवेल. ते कागदावर काढलेले नाही.